जांभळी हॅट

शाळेत आगीच्या सरावाची घंटा झाली त्या दिवशी माझी मुलगी नायला बाकाखाली शिरली आणि कान दाबून किंचाळत बसली. दुसरीच्या वर्गाच्या बाई, मिसेस कॉबर्न, तिला दंडाला धरून बाहेर ओढायला गेल्या, तेव्हा ती त्यांच्या मनगटाला चावली. चावली, हे मी नाकारत नाही. दातांचे वळ मी स्वतः पाहिले आणि माफीही मागितली. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत जेवढा वेळ मी बसले होते, तेवढ्या वेळात 'मूल घाबरलं होतं' हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघालं नाही. उद्धट, हट्टी, कुणाचं ऐकत नाही, नजरेला नजर देत नाही, हेच चाललं होतं.

मुख्याध्यापक मिस्टर स्टॅंप्ली मोठे गोड बोलणारे. त्यांनी टेबलावर हात जोडून सांगितलं की मे महिन्याच्या शेवटी एक बैठक होईल, आणि नायलाला वर्तन सुधारण्याच्या वर्गात पाठवायचं की नाही, ते तिथे ठरेल. तो वर्ग काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, दुसऱ्या टोकाला, जुन्या गोदामासारख्या इमारतीत भरतो. आमच्या वस्तीतलं कुठलं मूल तिथे गेलं आणि पुन्हा आपल्या वर्गात येऊन बसलं, असं मी पाहिलेलं नाही. त्या दारातून मुलं फक्त आत जातात.

"आता यामागे काही वैद्यकीय कारण असतं, तर गोष्ट वेगळी," मिस्टर स्टॅंप्ली म्हणाले. "डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर आम्हाला मदत द्यावीच लागते. पण तसं काही नाहीये ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तसं काही आहे का, ते तपासा, म्हणून मी नायला चार वर्षांची असल्यापासून उंबरठे झिजवत होते. ती नळ सोडून पाण्याकडे तासभर बघत बसायची. मोज्याची शिवण बोटाला लागली की घर डोक्यावर घ्यायची. ग्रिट्सवर, म्हणजे मक्याच्या लापशीवर, लोणी वितळलं तर खायची नाही, वितळलं नाही तरच खायची, आणि गरम ग्रिट्सवर न वितळणारं लोणी कुठून आणायचं ते मला सांगा. गावातल्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि सांगितलं की मुली उशिरा मोकळ्या होतात, ऑटिझम वगैरे तसलं मुलग्यांमध्ये असतं. शहरातल्या तपासणी केंद्राला फोन केला, तर म्हणाले शाळेकडून शिफारस आणा. शाळा म्हणाली डॉक्टरांकडून आणा. डॉक्टर म्हणाले, ते केंद्रवालेच ठरवतील. घोडं नेमकं कुठे पेंड खातं तेच कळेना. शेवटी डॉक्टरांच्या खोलीतून मी उठलेच नाही, तेव्हा त्यांनी दोन ओळी खरडून दिल्या आणि आमचं नाव केंद्राच्या प्रतीक्षायादीत गेलं. तिथे ते वर्षाहून जास्त काळ पडून होतं.

घरी तरी कोण माझ्या बाजूने होतं? माझा नवरा टेरेन्स लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवतो. त्याचं म्हणणं, पोरगी त्याच्यावर गेली आहे. "मी पण असाच होतो, काय बिघडलं माझं?" असं तो म्हणतो, आणि हे म्हणताना नट-बोल्ट आवळायचे पाने लहान-मोठ्या क्रमाने लावत असतो. ती कुणी हलवलेली त्याला चालत नाहीत.

मग एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राचा फोन आला. कुणीतरी महिनाअखेरची वेळ रद्द केली होती, ती आम्हाला हवी का? मी कामावर, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये, एका म्हातारबाबांना आंघोळ घालत होते. ओल्या हातानेच फोन धरला आणि हो म्हणाले. बैठकीच्या आधी तपासणी होणार होती. त्या दिवशी मी कामावरून गात गात घरी आले.

माझी चूक एवढीच, की मी ही बातमी आईला सांगितली.

माझी आई, व्हर्लीन पेटवे. आमच्या गावात तिला सगळे मिस व्हर्लीन म्हणतात, आणि 'मिस' विसरणाऱ्याला ती ओळख देत नाही. चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत तिची जागा ठरलेली आहे, आणि डोक्यावर जांभळी हॅट, तिला पुढे जाळी. ही हॅट फक्त रविवारी आणि जिथे कुणी आपल्याविषयी काही ठरवणार असेल तिथे बाहेर पडते, म्हणजे डॉक्टर, बँक, कोर्ट, शाळा. कुणी नकार दिला तरी ती उठताना "थँक यू, सर" म्हणून उठते. मी लहान असताना दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर आदल्या दिवशी माझे केस धुऊन, तेल लावून, वेण्या घातल्या जायच्या, आणि आरशासमोर उभं करून तालीम व्हायची. बघायचं कसं, बसायचं कसं, हात कुठे ठेवायचे, काय बोलायचं. आमच्यात विस्कटलेलं मूल घेऊन कुणी परक्याच्या दारात जात नाही.

दुपारी नायला आईकडेच असते, मी कामावर असते. तिथे काय चाललं होतं याचा मला पत्ताच नव्हता.

तपासणीच्या आदल्या रात्री नायला आईकडेच राहिली होती. सकाळी मी त्यांना घ्यायला गेले, तर नायला पिवळ्या फ्रॉकमध्ये, पांढऱ्या मोज्यांत, डोक्यावर मोत्यांसारखे मणी ओवलेल्या वेण्या. मोज्यांच्या शिवणी आईने उलट्या करून बाहेर घेतल्या होत्या, म्हणजे त्या पोरीला टोचू नयेत. तेवढं तिला बरोबर माहीत होतं. शेजारी आई, जांभळी हॅट घालून. मी म्हटलं, आई, आपण ईस्टरला नाही चाललो. ती म्हणाली, तू गाडी चालव.

गाडीत मागच्या सीटवर नायला सगळा वेळ पुटपुटत होती. मला वाटलं तिचं नेहमीचंच, हवामानाचा अंदाज म्हणत असेल. ती रेडिओवरचा अंदाज जशाच्या तशा आवाजात म्हणते.

केंद्रातल्या डॉक्टर ब्रँट वयाने माझ्याहून लहान, चेहऱ्याने चांगल्या. त्यांनी दार उघडलं मात्र, नायला सरळ चालत त्यांच्यासमोर गेली, हात पुढे केला, मान वर केली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅम. माझं नाव नायला रेने मोझली. तुम्हाला भेटून आनंद झाला. आज तुम्ही कशा आहात?"

मी जागीच खिळले. या पोरीने कधी स्वतःच्या आत्याला हात दिला नव्हता. डॉक्टर ब्रँटचा चेहरा खुलला. त्या म्हणाल्या, वा, किती छान, आणि तिला घेऊन आत गेल्या. दार लागलं. मी आईकडे वळले. आई हॅटची जाळी नीट करत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं, जे तिची पीच घालून भाजलेली गोड कॉब्लर चर्चच्या जेवणात सगळ्यात आधी संपल्यावर असतं.

दुपारी डॉक्टर ब्रँटनी आम्हाला बोलावलं. नायला हुशार आहे, थोडी चिंता करणारी आहे, स्वभावाने ठाम आहे. पण नजरेला नजर देते, स्वतःहून ओळख करून घेते, समोरच्याची विचारपूस करते. ऑटिझम आहे असं म्हणता येईल, असं त्यांना दिसलं नाही. शाळेने थोडं समजून घ्यावं, असं त्या कळवतील.

म्हणजे चार वर्षं खेटे घालून माझ्या हातात काय पडलं, तर पोरगी ठाम आहे. मिस्टर स्टॅंप्लींना तर हेच हवं होतं. घंटा, शिवण, नळ, लोणी, सगळं मी पुन्हा सांगायला लागले. जितकी सांगत गेले तितका माझा आवाज चढत गेला, आणि तितक्या डॉक्टर ब्रँट मान हलवत माझ्याचकडे काळजीने बघायला लागल्या. घरात ताण असला की मुलांवर त्याचा परिणाम होतो, असंही त्या म्हणाल्या. आई मध्येच उठली, "थँक यू, मॅम" म्हणाली आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. मिसेस कॉबर्नच्या मनगटाला नायला का चावली असेल, ते त्या क्षणी मला अगदी नीट कळलं.

"मी म्हटलं नव्हतं? पोरीला काही झालेलं नाही," आई व्हरांड्यात म्हणाली.

तेवढ्यात नायला पुढे गेली. स्वागतकक्षातल्या मुलीसमोर उभी राहिली, हात पुढे केला. गुड मॉर्निंग, मॅम, माझं नाव नायला रेने मोझली. दुपारचे तीन वाजत आले होते. दाराशी दाढीवाला पहारेकरी होता, त्यालाही तेच, मॅमसकट. तो हसला. पार्किंगमध्ये एक माणूस गाडीतून खोकी उतरवत होता, त्याच्या दोन्ही हातांत खोकी, तरी ही समोर हात पुढे करून उभी. तो म्हणाला, अगं, माझे हात मोकळे नाहीत. पण तिचं वाक्य हातात हात आल्याशिवाय पुढे सरकत नव्हतं. ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली, आणि मग पुन्हा. शेवटी त्या बिचाऱ्याने खोकी खाली ठेवली.

आई हे सगळं बघत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तू शिकवलंस तिला," मी म्हटलं.

"महिनाभर," आई म्हणाली. "रोज दुपारी. डोळ्यांत बघायला तिला जमेना, म्हणून म्हटलं भुवयांच्या मधे बघ, कुणाला कळत नाही."

मी गाडीच्या टपावर हात आपटला. मग जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, डॉक्टरांनी नायलाला तपासलंच नाही, त्यांनी तुला तपासलं, आणि तू पहिल्या नंबराने पास झालीस. म्हटलं, एक दिवस, एक दिवस ती जशी आहे तशी कुणाला दिसू दिली असतीस, तर तुझं काय जाणार होतं? आता त्या गोदामात तिला कोण सोडायला जाणार, तू? तीच हॅट घालून?

आईने मला बोलू दिलं. मग ती गाडीत बसली, दार ओढून घेतलं आणि समोर बघत बोलायला लागली.

"तुला लुएला माहीत नाही."

लुएला माझी मावशी, एवढंच मला माहीत होतं. लहानपणी वारली असं घरात सांगायचे.

"घरी नाही वारली," आई म्हणाली. "ती अशीच होती. पाण्याकडे बघत बसायची. एकदा ती जमिनीवर डोकं आपटत होती आणि आमचं पुढचं दार उघडं राहिलं होतं. काउंटीची एक बाई लसीसाठी मुलांची नावं घेत फिरत होती, तिने दारातून पाहिलं. पुढच्या आठवड्यात गाडी आली. कुठल्याशा सरकारी संस्थेत नेलं तिला. माझी आई दर महिन्याला बस धरून जायची, त्यांनी तिला आत सोडलं नाही. नंतर कळलं, लुएला तिथेच वारली. तेव्हापासून आमच्या घराचं दार बंद असतं, रोशेल. त्यांना काय दिसणार ते आपण ठरवायचं. त्यांच्यावर सोडायचं नाही."

राग गेला नव्हता, पण आता तो आईवर ठेवता येत नव्हता आणि दुसरीकडे कुठे ठेवावा ते समजत नव्हतं. मागे नायला सांगत होती की दुपारनंतर तुरळक ठिकाणी वादळी पावसाची शक्यता आहे.

मग आई गाडीतून उतरली आणि परत आत गेली. मी नायलाचा हात धरून मागोमाग. डॉक्टर ब्रँट पर्स उचलून निघायच्या बेतात होत्या. आईने त्यांना उभ्याउभ्या सांगितलं की ती ओळख, तो हात, ती विचारपूस, सगळं तिनेच पोरीकडून घोकून घेतलेलं आहे, आणि पोरगी डोळ्यांत बघत नाही, भुवयांच्या मधे बघते. परक्या बाईसमोर घरातली गोष्ट सांगताना मी आईला पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टर ब्रँट म्हणाल्या की सगळीच मुलं शिष्टाचार शिकवल्यावरच शिकतात, ती शिकू शकली हे चांगलंच लक्षण आहे. म्हणजे आता हेही आमच्याच विरुद्ध. मी तोंड उघडणार होते, पण नायलाने पुन्हा त्यांच्यापुढे हात केला. गुड मॉर्निंग, मॅम. डॉक्टर ब्रँटनी तो हात धरला, आणि या वेळी त्या वाकल्या आणि तिची नजर कुठे लागली आहे ते त्यांनी नीट पाहिलं.

"मी अजून लिहून पूर्ण केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मेमध्ये एकदा तासभर वेळ काढते. पण या वेळी कसलीही तयारी नको. रोजच्यासारखं या."

आम्ही तसंच केलं. तालीम नाही, मणी नाहीत. नायला शाळेत घालते त्या निळ्या टीशर्टमध्ये. आईही रोजच्या कपड्यांत आली, आणि तिने हॅट खुंटीवर ठेवली. उघड्या डोक्याने ती डॉक्टरकडे निघालेली मी जन्मात पाहिली नव्हती. केस पार पांढरे झाले होते, मधे विरळ. गाडीत बसताना तिचा हात दोनदा डोक्याकडे गेला.

केंद्राच्या काचेच्या दाराशी येईपर्यंत सगळं ठीक होतं. आई पुढे झाली, तिने दार उघडलं, आणि नायलाने तिच्याकडे पाहिलं.

"हॅट," ती म्हणाली.

आई म्हणाली, आज हॅट नाही बाळा, आज असंच.

"हॅट. मग दार. मग गुड मॉर्निंग."

मी तिच्याजवळ गुडघ्यावर बसले. घरी आहे हॅट, उद्या घालू, आत पाणी आहे, थंडगार पाणी, असं बरंच काही म्हटलं. पण तिचे कान आता माझ्यासाठी नव्हतेच. तिच्या लेखी डॉक्टरांकडे जायचं म्हणजे आधी हॅट, मग दार, मग गुड मॉर्निंग, आणि त्यातलं पहिलंच नव्हतं. ती दारातच खाली बसली, मग आडवी झाली आणि किंचाळायला लागली. टाचा फरशीवर आपटायला लागली. मध्येच थांबून ती म्हणायची, गुड मॉर्निंग, मॅम, माझं नाव नायला, आणि तिथेच अडकायची, आणि पुन्हा किंचाळायची. मी तिच्या डोक्याखाली हात घातला. ती चावली, मी हात काढला नाही.

वाट बघत बसलेले लोक उठून उभे राहिले. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. स्वागतकक्षातली मुलगी धावत आली आणि आईला हळूच म्हणाली, "मॅम, तुम्ही जरा आत सरका, मी दार लावते. लोक बघतायत."

आईने दाराच्या कडेला पाठ लावली. काच तिच्या खांद्यावर रेलली होती. तिने दोन्ही हात मागे नेऊन दार उघडं धरलं.

"लावू नका," ती म्हणाली. "बघू दे त्यांना."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते. व्हरांड्याच्या टोकाशी डॉक्टर ब्रँट आल्या होत्या. त्यांनी वहीबिही काढली नाही. त्या आल्या आणि आमच्यापासून थोड्या दूर फरशीवर बसल्या, बोलल्या नाहीत, हात पुढे केला नाही. बऱ्याच वेळाने किंचाळणं हुंदक्यांवर आलं, तेव्हा त्यांनी आईकडे वर पाहून विचारलं, "ती काय शोधतेय?"

"माझी हॅट," आई म्हणाली. "चूक माझी आहे. मी आणली नाही."

डॉक्टर ब्रँटनी लिहून दिलं. ऑटिझम, असं स्पष्ट. बैठकीच्या दिवशी तो कागद मिस्टर स्टॅंप्लींच्या टेबलावर होता. मी समोर बसले होते, मनगटावर अजून पिवळा वळ. माझ्या बाजूला आई, जांभळी हॅट घालून. मिस्टर स्टॅंप्लींनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ठीक आहे, नायला आपल्याच वर्गात राहील, घंटेच्या आधी तिला कुणीतरी बाहेर नेईल, मदतीला एक बाई देता येईल. सगळं चुटकीसरशी. इतकं सोपं होतं ते.

"पण मिसेस मोझली," ते गोड हसून म्हणाले, "हे तुम्ही आम्हाला आधीच का नाही सांगितलंत?"

मी तोंड उघडायच्या आत आई उठली. मी वाट बघत होते, आता ती "थँक यू, सर" म्हणेल. लहानपणापासून ऐकत आले होते, प्रत्येक नकारानंतर, प्रत्येक खोलीतून उठताना. तिने हॅट सरळ केली, मिस्टर स्टॅंप्लींकडे पाहिलं, अगदी डोळ्यांत, आणि थँक यू न म्हणता बाहेर निघाली. दार तिने मागे उघडंच ठेवलं.